माडाच्या पोटातला आवाज

फार मागची गोष्ट आहे, ऐकणाऱ्यांनो. तुमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पणज्यालाही ती ऐकूनच ठाऊक होती, इतकी मागची.

समुद्राकाठच्या एका राज्यात, खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. घरं थोडी आणि माड उदंड. भर दुपारीसुद्धा गावच्या वाटेवर ऊन उतरत नसे, इतक्या झावळ्या एकमेकींत गुंतलेल्या. घराचं छप्पर माडाचं, दिव्यातलं तेल माडाचं, होडीचा दोर माडाचा, आणि दारात पाहुणा आला की त्याच्या हातात पहिलं शहाळं. माड गेले असते तर त्या गावात माणसाला राहायला कारणच उरलं नसतं.

त्या गावात राही नावाची बाई राहायची. नवरा कधीच देवाघरी गेला होता. पदरात एकुलती एक लेक, केसर. तिला दक्षिणेच्या एका गावात दिलेली. तिकडे जायची वाट समुद्राची. तानू तांडेलाचं गलबत माल घेऊन जाई, तेव्हा निरोप जाई. गलबत परत येई, तेव्हा निरोप येई. पावसाळ्यात तेही बंद. लग्नानंतर केसर माहेरी एकदाच आली होती आणि राही तिच्याकडे एकदाही गेली नव्हती. वाडीला पाणी कोण घालणार, हे एक कारण. दुसरं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला भेटून परत निघणं आपल्याला जमणार नाही, अशी तिला धास्ती वाटायची.

गलबताचं शीड दिसलं की राही हातातलं काम टाकून धक्क्यावर जायची. निरोप असला तर तो आठवून आठवून पुरवायची. नसला तर तानूला विचारायची, "तिच्या गावावरून गेलास ना? दिसली का?" तानू बिचारा नाही म्हणायचा, तरी ती विचारायचीच.

एका वर्षी तानूने गलबतातून एक कोवळा माड उतरवला. मुळांशी मातीचा गड्डा, त्यावर गोणपाट बांधलेलं, मांडीएवढं खोड धरलेला.

तानू म्हणाला, "राहीकाकी, केसरनं पाठवलाय. लग्न होऊन गेली त्या पावसात तिनं स्वतः लावलेला. म्हणाली, आईला सांग, इकडच्या वाड्या सुकत चालल्यात. हा एक तरी तुझ्या दारात जगू दे."

राहीने निरोप ऐकला, पण त्यातलं तिला एकच ऐकू आलं: लेकीने हाताने लावलेलं झाड आपल्याकडे आलं. वाड्या का सुकत चालल्यात, हे तिने तानूला विचारलं नाही. तिलाच काय, त्या दिवशी धक्क्यावर उभ्या असलेल्या कुणालाही ते सुचलं नाही.

माड तिने अंगणात लावला, घरातून उठता-बसता दिसेल असा. राख घातली, मासळीचं पाणी घातलं. झाडाने नवं पान काढलं तेव्हा तिने शेजारच्या चंद्राला बोलावून ते दाखवलं. चंद्रा आणि राही एकाच वर्षी सुना म्हणून त्या गावात आलेल्या. दोघींच्या वाड्यांमध्ये कुंपण होतं ते नावालाच.

राही त्या माडाशी बोलायची. आज भाकरी करपली. आज वारा सुटलाय, तुझ्याकडेही असेल. संध्याकाळी खोडाला पाठ टेकून बसली की तिला वाटे, आपण कुणाच्या तरी जवळ बसलो आहोत.

पुढच्या वर्षी खोडावर एक भोक दिसलं, करंगळी जाईल एवढं. त्यातून तांबूस, चिकट पाणी झिरपत होतं आणि चघळून टाकल्यासारखा भुसा लोंबत होता. वास आंबूस. राहीने इकडेतिकडे पाहिलं. मग शेणमाती कालवून भोक लिंपलं आणि वर हात फिरवला. काही दिवसांनी दुसरं भोक दिसलं, तेही तिने लिंपलं. त्यानंतर ती खोडाला टेकून बसेनाशी झाली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

त्याच सुमारास चंद्राच्या वाडीतला एक भरात आलेला माड वाऱ्याशिवाय मोडला. सकाळी उभा होता, दुपारी त्याचा शेंडा मान टाकल्यासारखा लोंबू लागला आणि अंगणात कोसळला. लोक जमले. गावकार रामोजींनी कोयता मागवून खोड फोडलं. आत लाकूड नव्हतंच. ओला, आंबलेला चोथा होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मध्येच एक भुंगा निघाला, तांबडा, पुढे सोंडेसारखी चोच असलेला. असला भुंगा त्या गावात कुणी पाहिला नव्हता.

"हा इथला नाही," रामोजी म्हणाले. "कुठून आला ते मागाहून बघू. ज्याच्या माडाला भोक दिसेल, पाणी गळताना दिसेल, त्यानं सांगायचं. झाड तोडायचं आणि जाळायचं. एक गेलं तर शंभर राहतील."

सगळ्यांनी माना हलवल्या. राहीनेही हलवली.

रामोजी घरोघर विचारत फिरले. प्रत्येक जण म्हणाला, "आमच्याकडे काही नाही." आणि माड मात्र पडत राहिले. आज इथे, परवा तिथे. कुणाचा बापाने लावलेला, कुणाचा सगळ्यात जास्त नारळ देणारा, कुणाचा फक्त आवडता. जो तो आपल्या झाडावर चिखल लिंपत होता आणि सुधारेल म्हणून वाट बघत होता. शेंडा कोसळला की म्हणायचा, अरे, कळलंच नाही. चंद्राच्या वाडीतले तर पाच-सहा गेले. तिच्या अंगणात आता ऊन येऊ लागलं होतं.

रामोजींनी पुन्हा सगळ्यांना देवळासमोर बोलावलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माझ्याच परसातला माड मी महिनाभर लपवला. रोज बघायचो आणि रोज म्हणायचो, उद्या सांगू. काल तो पडला. तेव्हा एक ध्यानात आलं. आपल्या झाडाकडे आपले डोळे नीट बघत नाहीत. तर आता असं करू. कुणी आपली वाडी बघायची नाही. शेजाऱ्याची बघायची. बाजाराच्या दिवशी सकाळी प्रत्येकानं शेजारच्या वाडीत जायचं, बुंध्यापासून हात पुरेल तिथवर बघायचं, आणि खोडाला कान लावायचा. आत अळी खात असली तर आवाज येतो. मी ऐकलाय."

चंद्राच्या वाट्याला राहीची वाडी आली.

बाजाराच्या दिवशी ती कुंपण ओलांडून आली, एकेका माडाला कान लावत फिरली आणि शेवटी अंगणात आली. राही दारात उभी होती.

"तो राहू दे," राही म्हणाली. "तो चांगला आहे. मी रोज बघते."

चंद्रा बुंध्याशी वाकली. तिने बुंध्यावरच्या लिंपणावरून बोट फिरवलं. मग खोडाला कान लावून डोळे मिटले. बराच वेळ तशी उभी राहिली.

"राही, आतून खातोय."

"चंद्रे, कुणाला सांगू नकोस. माझ्याकडे तिचं दुसरं काय आहे?"

"माझे सहा गेले." चंद्राचा आवाज चढला नाही. "माझ्या सासऱ्यांनी लावलेले. माझी पोरं त्यांच्या सावलीत रांगली. तुझा हा कधीपासून असा आहे, ते मी विचारत नाही. विचारलं तर तुझ्या अंगणात मला पुन्हा येता यायचं नाही." ती कुंपणाकडे वळली. "मी रामोजींना सांगणार नाही. तू सांग."

ती गेली. राही अंगणात एकटी उरली. ऊन कलेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून होती. मग उठली, माडाजवळ गेली आणि किती दिवसांनी त्याच्या खोडावर गाल टेकला.

करकर, करकर. कुणी तरी ऊस चावतंय असा आवाज. मध्ये थांबे, पुन्हा सुरू होई. इतके दिवस ज्याच्याशी ती बोलत होती, त्याच्या पोटात हे चाललं होतं. तानूने आणलेला निरोप तिला तेव्हा पुरता आठवला. इकडच्या वाड्या सुकत चालल्यात.

राही तशीच रामोजींकडे गेली. म्हणाली, "दादा, भुंगा माझ्या माडातून आला. लेकीनं पाठवलेल्या. मला ठाऊक होतं आणि मी झाकलं."

रामोजींच्या ओसरीवर चार माणसं बसलेली होती. कुणी तिला बोल लावला नाही, कारण प्रत्येकाच्या वाडीत एखादं तरी लिंपलेलं भोक होतं. मग त्यांतला एक उठला आणि म्हणाला, "माझ्याकडेही तीन आहेत." दुसरा म्हणाला, "माझे दोन."

राहीचा माड दुसऱ्या दिवशी तोडला. फोडल्यावर दिसलं, आत जगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वरची हिरवी पानं तेवढी होती. तो जळत असताना राही धुरात उभी राहिली. चंद्रा येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

मग गाव कामाला लागलं. ज्या माडाच्या पोटात अळी नुकतीच शिरली होती, त्याची भोकं साफ करून, अळ्या काढून, ती बुजवली. जे पोकळ झाले होते, ते जाळले. भुंग्याला आंबूस वास आवडतो हे कळल्यावर बायकांनी मडक्यांत माडी आणि झावळीच्या देठांचे तुकडे भरून ती वाड्यांच्या कडेला टांगली. रोज सकाळी त्यांत तांबडे भुंगे बुडालेले सापडत. बाहेरून आलेलं रोप खाडीतल्या बेटावर वर्षभर ठेवायचं, आवाज नसला तरच गावात आणायचं, असंही ठरलं. आणि बाजाराच्या दिवशी जो तो शेजाऱ्याच्या माडाला कान लावी.

भुंगा नाहीसा झाला नाही. पण तो शिरला की लगेच कळू लागलं, आणि माड पडायचे थांबले.

एके दिवशी रामोजी राहीकडे आले. "तानूचं गलबत दक्षिणेला निघतंय. तिकडच्या लोकांना हे कुणीतरी सांगायला हवं. तू जा. तुझी वाडी चंद्रा बघेल."

राहीला नाही म्हणायला आता कारण नव्हतं. वाटेत गलबताच्या हेलकाव्यांनी तिला उलट्या झाल्या, तिने अन्न घेतलं नाही, पण ती गलबताच्या पुढच्या टोकावरून हलली नाही.

लेकीचं गाव दिसलं तेव्हा हेच ते, यावर तिचा विश्वास बसेना. केसरने सांगितलेल्या गावात माडांची दाटी होती. इथे किनाऱ्याशी नुसते खुंट उभे होते, शेंडा नसलेले. त्यांच्यामधून एक बाई धावत आली. केसर वाळली होती, कपाळाशी केस पांढरे झाले होते. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं.

मग केसरने पहिलं विचारलं, "आई, माझा माड कसा आहे?"

राहीच्या ओठांवर आलं होतं, छान आहे. तिने ते गिळलं.

"जाळला गं. त्याच्या पोटात भुंगा होता. तुझ्या गावातूनच आलेला."

केसर खाली वाळूत बसली. "म्हणजे मीच पाठवला. इथलं सगळं गेलं, पण एक आईकडे जगतोय, एवढ्यावर मी राहिले होते."

"तू माया पाठवलीस," राही म्हणाली. "आत काय आहे ते तुला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. चूक तुझी नाही." तिने केसरचा हात धरून तिला उठवलं. "चल. जे उभे आहेत त्यांना कान लावू. तुझ्या शेजारणींनाही बोलाव."

त्या गावात माणसं आपापली दारं लावून बसली होती. कुणाचं झाड मेलं तर दुसरा मनात म्हणे, माझं तर आहे. आता राही आणि केसर वाडीवाडीतून फिरल्या. मागोमाग शेजारणी आल्या, मग पुरुष आले. सगळे माड वाचणारे नव्हते. पण मधल्या वाड्यांत थोडे वाचण्यासारखे निघाले, आणि गावाला नवी रोपं करायला तेवढे नारळ पुरे होते.

गलबत परत निघालं तेव्हा केसर म्हणाली, "आई, राहा ना इथंच."

"माझ्याकडे चंद्राच्या वाडीची पाळी आहे," राही म्हणाली. तिला अजूनही निघता येत नव्हतं. ती निघाली.

पुढे दोन्ही किनाऱ्यांवर माड वाढले. तानूच्या गलबतातून आता दर खेपेला खबर जाई आणि येई: इकडे दोन झाडांत अळी सापडली, काढली. तिकडे मडक्यात भुंगे कमी आले. गावं त्या खबरी गावासाठी पाठवत. पण तिकडची खबर सांगायचं काम केसरने मागून घेतलं होतं, आणि ती ऐकायला इकडे राही धक्क्यावर जायची. अळी, भोक, मडकी, एवढंच त्यात असायचं. राही ते सगळं नीट ऐकून घ्यायची, आणि तानू बोलायचा थांबला तरी थोडा वेळ तिथेच उभी राहायची.

बोध इतकाच: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचं दुखणं झाकून ठेवलं तर ते सगळ्यांचं होतं, आणि वेळेवर सगळ्यांना सांगितलं तर सगळे मिळून ते निभावतात.