राजाच्या पोटातला धोंडा

एका राज्यात नद्या दुपारी झोप काढीत आणि ढग छपरांवर टेकून गप्पा ऐकत. तिथला राजा सुकेत मनाने लोण्याहून मऊ. कोणी औषध दिले की गुण येवो न येवो, ‘गुण आला’ म्हणायचे, देणाऱ्याचे मन मोडायचे नाही, ही तिथली रीत. राजा ती इमानाने पाळी.

एकदा एका मांत्रिकाने त्याला पोटदुखीवर चूर्ण दिले. दुखणे तसूभर हलले नाही, तरी राजा म्हणाला, “गुण आला.” त्या शब्दावर विसंबून मांत्रिकाने तेच चूर्ण आपल्या आजारी बायकोला दिले, दुसरे औषध शोधलेच नाही. बायको गेली. मांत्रिकाने शाप दिला, आणि राजाच्या पोटात धोंडा वाढू लागला.

थोरली बहीण मंदारवती हिचा भावावर फार जीव. तिने सापांच्या दरीतून ओवा आणला. राजा म्हणाला, “ताई, गुण आला.” धोंडा वाढला. तिने कड्यावरच्या यक्षाकडून हिंग आणला. मोबदल्यात यक्षाने तिची सावली ठेवून घेतली. राजा म्हणाला, “गुण आला,” आणि त्याला उठून बसवेना. मंदारवतीला रागही आला, रडूही आले.

सुंठेसाठी ती तळ्याखालच्या बागेत उतरली. तिथली साळुंकी म्हणाली, “सुंठ ने, पण तिने धोंडा हलायचा नाही. औषधाबद्दल तो खरे बोलेल, तेव्हाच सुटेल. खरे बोल असे त्याला कोणी सांगितले, तर मात्र राजाचाच धोंडा होईल.”

मंदारवती परतली. राजाने सुंठ चाटली. बहिणीच्या पायांची चाळण झालेली पाहिली आणि क्षीण आवाजात म्हणाला, “ताई, फार गुण आला.”

तेवढ्यात उशाजवळच्या पाळण्यात त्याची तान्ही लेक रेवा पोट दुखून रडू लागली. मंदारवतीने तीच सुंठ सहाणेवर उगाळली, बोटावर घेतली आणि पाळण्याशी बसली.

“बाळाला हीच देते. तुला गुण आला, तिलाही येईल.”

तिने बोट बाळाच्या ओठांशी नेले. भाऊ गप्प राहिला तर पुढे काय करायचे, हे तिलाही ठाऊक नव्हते.

राजाने तिचे मनगट धरले. “नको, ताई! मला गुण आला नाही. ओव्याने नाही, हिंगाने नाही, हिनेही नाही. तू एवढे सोसून आलीस, तुला कसे सांगू?”

धोंडा विरघळला. यक्षाने सावली घरपोच केली.

मग राजाने मांत्रिकाला बोलावून क्षमा मागितली आणि औषध खरे की खोटे हे पारखायला नवी रीत घालून दिली. निम्म्या आजाऱ्यांना औषध, निम्म्यांना साधे पाणी. यक्षाने दोन्हींना एकच चव दिली. कोणाला काय मिळाले, ते कोणालाच कळेना. मळमळीवर सुंठ खरी ठरली. ओव्याचा निवाडा अजून चालू आहे.

गुण आला का, ही विचारपूस मांत्रिकाकडे होती. पहिलीच म्हातारी म्हणाली, “मला नाही बाबा गुण आला.” मांत्रिक ओक्साबोक्शी रडला. मग डोळे पुसून उठला, आणि तिच्यासाठी दुसरे औषध शोधायला निघाला.