पाण्याच्या चावीची शपथ

"…आणि मग बुवांनी देवाचा भंडारा त्या नास्तिकाच्या पायावर वाहिला?"

गिरणीत कुणीतरी भामाबाईला विचारलं, तेवढंच कानावर आलं. भामाबाईने पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि नेमका गिरणीचा पट्टा फिरायला लागला. पिठाच्या धुरळ्यात तिचे नुसते ओठ हलताना दिसले.

मी पिठाचा डबा काखेत घेतला नि घरी आले. उरलेलं ऐकायची मला गरज नव्हती. बुवांच्या मठाची आणि माझ्या परसाची भिंत एकच. शिवाय आदल्या दुपारी मी विरजण मागायच्या निमित्ताने मठाच्या ओसरीवरच जाऊन बसले होते. म्हणून झालं ते असं.

सखागिरी बुवा आमच्या खंडोबाच्या मठात राहतात. गावात कुणावर आळ आला की त्याला त्यांच्यापुढे आणतात. देवापुढच्या वाटीत हळद असते, तोच भंडारा. त्यावर बेलाचं पान ठेवायचं, वाटी हातात उचलायची आणि काय ते बोलायचं. बेलभंडारा उचलला की गावाने पुढे विचारायचं नाही.

या खेपेला आळ आला होता अंकुशवर.

अंकुश गावच्या पाण्याची चावी फिरवतो. आई गेल्यावर तो मठातच वाढला. बुवांनीच त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. पुढे तालुक्याला शिकायला गेला, आणि आला तो देव सोडूनच. यंदा वरच्या आळीला पाणी पुरेना. तिथली गजराबाई ग्रामसभेत उभी राहून म्हणाली, "हा स्वतःच्या खालच्या आळीला जास्त सोडतो. नाही म्हणत असेल तर उचलू दे भंडारा."

अंकुश म्हणाला, "गावच्या कामात देव आणू नका."

झालं. सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी ठरलं, उद्या संध्याकाळपर्यंत भंडारा उचल, नाहीतर चावी पंचायतीत आणून ठेव.

त्या उद्याची ती दुपार.

अंकुश आला तो चप्पल काढतानाच बोलत आला.

"बुवा, देव नसता तर तुम्ही चोरी केली असती का?"

बुवा बेलाची पानं निवडत होते. चांगली एकीकडे, किडकी एकीकडे.

"काय चोरायचं?"

"काहीही."

"या गावात काय आहे रे चोरण्यासारखं…"

मला हसू आलं. अंकुशने माझ्याकडे पाहिलं. "नलूकाकी, विरजण मिळालं का?"

"बुवांना सवड कुठंय," मी म्हटलं, आणि बसून राहिले.

"चेष्टा नको, बुवा. देवाच्या भीतीशिवाय माणूस सरळ वागूच शकत नाही का?"

"तू वागतोस?"

"वागतो."

"मग झालं की."

"गावाला पटत नाही ना!"

बुवांनी एक पान उजेडाकडे धरलं.

"आजवर इथं ज्यांनी भंडारा उचलला, ते सगळे खरं बोलले?"

"नाही."

"तुम्हाला कळत होतं?"

"काहींचं कळलं…"

"आणि तरी वाटी पुढं केलीत?"

बुवांनी हातातलं पान किडक्यांत टाकलं. मी पदराशी चाललेला चाळा थांबवला.

"म्हणजे खोटा उचलतो आणि सुटतो. मी उचलत नाही, म्हणून मी चोर." अंकुशचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "सगळे म्हणतात, उचल की, तुझं काय जातंय? नुसती हळद तर आहे. पण बुवा, मी देव मानत नाही. मी त्याची शपथ घेतली, तर ते माझं पहिलं खोटं. आणि ते तुमच्यासमोर…"



बुवांचे हात थांबले होते. बराच वेळ ते फरशीकडे बघत राहिले. मला वाटलं विचार करतायत. मग मीही तिकडे पाहिलं. दारापासून अंकुशपर्यंत रक्ताचे ठिपके पडले होते.

"पायाला काय झालंय?"

"काही नाही. चावीच्या खड्ड्यात काच होती."

"बस."

"बुवा, मी काय विचारतोय—"

"बस म्हणतो ना, अंकुशा."

तो बसला. लहानपणी बसायचा तसाच, भिंतीला टेकून, पाय पुढे पसरून. बुवांनी तांब्यातल्या पाण्याने पाय धुतला. आपल्याच उपरण्याने टिपला. त्यांना आताशा नीट दिसत नाही. काच शोधायला ते इतके वाकले की त्यांचं कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकलं.

काच निघाली. अंकुशने ओठ चावला.

"नलूबाई, घरात हळद आहे का?"

"आहे की. आणते." मी उठलेच.

"राहू दे. लांब पडेल."

आता माझं घर भिंतीपलीकडे. लांब कुठलं? पण मी आपली खाली बसले.

बुवा उठून देवापाशी गेले, भंडाऱ्याची वाटी उचलली आणि त्याच्या पायाशी येऊन बसले. चिमूट घेतली, जखमेत दाबली. दुसरी घेतली. मग वाटीच उपडी केली आणि तळाशी टिचकी मारली.

"बुवा! अहो, देवाचा आहे तो!"

हे अंकुश ओरडला बरं का. मी नाही.

"तुला काय त्याचं?" बुवा म्हणाले.

बुवांनी उपरण्याची पट्टी फाडून गाठ मारली. "जाताना दवाखान्यात सुई टोचून घे."

"एवढा देवाचा भंडारा लावल्यावर सुई कशाला?"

"अरे, देव आहे तो. डॉक्टर नाही."

तेव्हा कुठे तो हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि बुवांचं कपाळ पुन्हा त्याच्या गुडघ्याला टेकलं. काच तर निघाली होती, गाठही मारून झाली होती.

तेवढ्यात भामाबाईचा नवरा दारात डोकावला. अंकुशने शपथ घेतली की नाही ते बघायला आला असणार. रिकामी वाटी, पिवळा पाय आणि वाकलेले बुवा, एवढं पाहिलं आणि आल्या पावली पळाला.

तेव्हा भंडारा पायाला लागला, हे खरं. जखमेवर लावला, वाहिला नाही, हेही खरं. पण ते दुसऱ्यांदा टेकलेलं कपाळ मीही पाहिलंय. त्याला काय म्हणायचं ते मला कळलेलं नाही, म्हणून मी भामाबाईला अजून खोटं पाडलेलं नाही.

उन्हं कलताना गजराबाई आली. कमरेवर हात ठेवून उंबऱ्यातच उभी राहिली.

"उचलला का यानं?" मग तिला वाटी दिसली. "बुवा, भंडारा?"

"संपला."

"देवाचा भंडारा संपतो होय?"

"आज संपला."

"मग मी भरवसा ठेवू कशावर?" तिने कमरेवरचे हात सोडले. "सून माझी ओली बाळंतीण. विहिरीवरून घागरी ओढतीय पोर. मला खरंखोटं नको कळायला?"

अंकुश भिंतीला धरून उभा राहिला. "आत्या, मी तुमचं पाणी तोडलेलं नाही. वरपर्यंत दाबच पोचत नाही."

"असं तू म्हणतोस."

"मी म्हणतो."

"तेवढ्यावर?"

त्याने बुवांकडे पाहिलं, पण बुवा गजराबाईकडे बघत होते.

"पाणी कधी सोडतो हा?"

"भल्या पहाटे."

"तू जागी असतेस?"

"झोप कुठं येते मला, बुवा."

"मग उद्यापासून चावीपाशी जाऊन उभी राहा. आधी त्याच्या आळीची बघ, मग तुझी बघ."

"मी? मला मेलीला काय कळतंय त्यातलं?"

"मी दाखवतो, आत्या," अंकुश म्हणाला. "किती उघडली, कधी बंद केली, सगळं. तुम्हीच फिरवा हवी तर."

गजराबाईने त्याच्या पायाकडे पाहिलं. "असा लंगडत येणार होय मेल्या, एवढ्या पहाटे?"

"येईन."

"नीट बघून ये. परत काचेवर पाय देशील." मग ती माझ्याशेजारी येऊन टेकली. पण मन शांत झालेलं नव्हतं. पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या वाटीकडे बघत होती.

"बुवा, याची चावी बघायला मी. खरंखोटं ठरवायला मी." तिने देवाकडे हात केला. "मग याचं काय काम उरलं?"

अंकुशनेही मान वर केली. हा प्रश्न त्याचाच होता, पण विचारला तिने.

बुवांनी रिकामी वाटी देवापुढे परत ठेवली.

"चावीपर्यंतच्या वाटेवर अंधार असतो, गजराबाई… तुला सोबत नको?"