तीनदा आलेला तांडेल

शूर्पारक बंदरात भद्रवर्मा राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व नंदिसेन नावाचा सागरी व्यापारी होऊन जन्मला होता. त्याच्या गलबतांवर नाना देशांची माणसे कामाला होती. कोणाशी दुजाभाव नको, म्हणून त्याने सर्वांना एकच नियम घातला होता. ज्याला काही सांगायचे असेल, त्याने ते सकाळच्या सभेत सर्वांसमोर सांगावे. या नियमाचा नंदिसेनाला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो अंमळ जास्तच होता.

गलबत हाकणारा त्याचा तांडेल केलु हा दूरच्या शंखद्वीपाचा. तिकडची रीत वेगळी. थोरांची चूक चारचौघांत काढायची नाही. त्यांच्या मागच्या दारी जाऊन एकट्याला सांगायची. नंदिसेनाने ही रीत कधी विचारलीच नव्हती.

एकदा मोठे गलबत निघायच्या बेतात होते. ज्या काथ्याच्या दोरीने त्याच्या फळ्या एकमेकींना शिवल्या होत्या, ती तळाशी कुजलेली केलुला दिसली. ती शिवण म्हाताऱ्या विशाख सुताराने तपासून पसंत केली होती, आणि गलबत हाकायचा हुकूम धन्याचा होता. केलु नंदिसेनाच्या मागच्या दारी गेला. सेवकाने आत वर्दी दिली.

नंदिसेन म्हणाला, "त्याला सांग, काय असेल ते सभेत बोल. आज एकाला मागचे दार उघडले, की उद्या सगळे तिथेच रांग लावतील."

केलु दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळाले. सभेत मात्र तो मान खाली घालून बसे. आपण नाही म्हटले तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील, म्हणून तो स्वतःच गलबत घेऊन गेला.

किनारा दिसत असतानाच गलबत फुटले. केलुने खलाशांना फळ्यांच्या आधाराने काठाला आणले. त्याच गलबतावर खलाशी असलेला त्याचा धाकटा भाऊ तेवढा सापडला नाही.

सभा भरली. विशाख ओरडला, "शिवण कुजली होती, तर तांडेलाला दिसली नाही? का तोंड शिवले होते? काढून टाका याला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. केलु गप्पच होता. हेच सांगायला तो तीनदा आला होता, आणि भाऊ गमावूनही धन्याची चूक चारचौघांत काढत नाही, हे नंदिसेनाच्या ध्यानात आले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नंदिसेन गप्प राहिला असता, तर कोणाला काही कळले नसते.

तो उठून म्हणाला, "हा तीनदा माझ्या दारी आला होता. मी तीनदा परत पाठवला. त्याचा भाऊ माझ्यामुळे गेला."

त्या दिवशी तो केलुच्या मागच्या दारी जाऊन उभा राहिला. दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी केलु बाहेर आला.

"ऐकायला आलो आहे," नंदिसेन म्हणाला.

"शिवण कुजली आहे, धनी," केलु म्हणाला. "एवढेच सांगायचे होते."

परदेशाहून आलेल्या एका भिक्खूला बाकीचे मुखदुर्बळ म्हणून चिडवत होते, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तेव्हाचा विशाख म्हणजे आज सर्वांत मोठ्याने हसणारा भिक्खू. केलु म्हणजे हा गप्प बसलेला. आणि त्याला दारातून परत पाठवणारा मी होतो. आपल्या चुकीची लाज वाटणे आणि ती लाज न लपवणे, यालाच लज्जा हा सद्गुण म्हणतात. मी तो केलुच्या दारात शिकलो."