बावीस अक्षरांची चिठ्ठी

माणसाला दोन वेळच्या जेवणाची खात्री नव्हती, तेव्हाची ही नेमणूक. चरबीचा कण वाया जाऊ नये म्हणून सफाई करणाऱ्या पेशीत बावीस अक्षरांची एक चिठ्ठी बसवली होती. शास्त्रज्ञ तिला मायक्रो-आरएनए म्हणतात. चरबी उपसून टाकणारा पंप बांधण्याचा आदेश केंद्रकातून आला, की त्याला चिकटून तो अडवायचा, एवढेच तिचे काम.

पुढे सुकाळ आला. चिठ्ठीला ते कळवायचे मात्र राहून गेले.

भास्करराव टिळेकरांच्या हृदयाजवळच्या धमनीत, भिंतीतली चरबी गिळून गिळून अशीच एक पेशी टम्म फुगली.

"चिठ्ठीबाई, जीव गुदमरतोय हो माझा! तो पंप बांधू द्या."

"आणि उद्या दुष्काळ पडला तर?"

"अहो, कसला दुष्काळ? वरून रोज श्रीखंड-पुरी येतेय!"

"म्हणूनच साठवायचं. माझ्या कारकिर्दीत कणभरही बाहेर गेलेला नाही."

"मला जागचं हलता येत नाहीये!"

"उत्तम. जागेवर नसल्याची तक्रार तरी येणार नाही."

संध्याकाळी पेशी फुटली. सगळी चरबी भिंतीत सांडली, भिंतीचा फुगवटा आणखी वाढला आणि रक्ताची वाट आणखी अरुंद झाली. सांडलेले उचलायला शेजारच्या तीन पेशी धावल्या. त्यांतली एक जरा विचारी होती. तिने आपल्या आतल्या चिठ्ठीला विचारले, "बाई, हे नंतर बाहेर टाकता येईल ना?"

"बघू की," चिठ्ठी म्हणाली, "आधी आत तर घ्या."