साठ दिवस न निवलेला आवा

मोहोरखेडला निवांतनाथ महाराज आले ते एका रात्रीच्या मुक्कामाला, आणि राहिले अकरा वर्षे. भाविकहो, आमच्या गावाचं भाग्य असं की संतालासुद्धा निघवत नाही! पाटलांनी देवळाच्या ओवरीत गादी घातली, लोड ठेवले. महाराज तिकडे फिरकलेही नाहीत. ते जाऊन बसले कुंभारआळीत, हैबती कुंभाराच्या आव्याशेजारी, राखेत. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. आत मडक्यांची रास, भोवती गोवऱ्या आणि पाचट, वरून खापऱ्या आणि मातीचा लेप. गावातली मोठी माणसं नाकाला उपरणं लावून विचारायची, "महाराज, इथं गाढवांत काय आहे?" महाराज म्हणायचे, "ऊब आहे."

हैबतीची मडकी पाच कोसांवर ओळखली जात. टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखी वाजत. माझा आजा सांगायचा, हैबतीचा रांजण एकदा टेकडीवरून गडगडत खाली आला, वाटेत दोन धोंडे फोडले आणि पाण्याचा थेंब न सांडता उभा राहिला. आजा खोटं बोलायचा, पण फक्त सासुरवाडीला. असा हैबती, पण घरात पाळणा हलला नव्हता. त्याच्या बायकोची, गिरजेची, दोन बाळंतपणं अर्ध्यावरच संपली होती.

तिसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात गिरजेचे पाय सुजले. जोडवी रुतून बसली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हैबतीनं वामनशास्त्री वैद्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांची विद्या मोठी, आणि त्यांना स्वतःला ती त्याहूनही मोठी वाटायची. त्यांनी उंबऱ्यात उभं राहून नाडी पाहिली, काढा दिला आणि आळीतल्या बायकांसमोर म्हणाले, "हैबती, तुझा हात हजार मडकी घडवतो, पण घरातलं एक तडीस जात नाही. हेही कच्चंच फुटणार. बाई वाचली तर नशीब समज."

गिरजेनं ऐकलं. रडली नाही. भिंतीचा आधार घेत उठली आणि तशीच महाराजांपुढे जाऊन बसली.

"महाराज, मला एवढंच सांगा, माझ्यातच खोट हाय का?"

महाराज म्हणाले, "पोरी, ओल्या मडक्याला कुणी ठोकतं का? उद्यापासून तू माती मळायची नाहीस, पाणी आणायचं नाहीस. डाव्या कुशीवर पडून राहायचं. मळायचं काम हैबती करील."

"बायकोची कामं मी करू? आळी हसंल," हैबती हळूच म्हणाला.

"हसू दे. त्यांचीही जरा करमणूक होईल."

हैबतीनं पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. भाकऱ्या गाढवानंही हुंगून सोडल्या असं म्हणतात. पण गिरजेनं त्या खाल्ल्या आणि वर मागूनही घेतल्या.

पौष लागला. थंडी अशी की ओढ्यातल्या बेडकांनी डराव डराव सोडून दातच वाजवावेत. हैबतीनं वर्षातला सगळ्यात मोठा आवा रचला आणि सकाळी पेटवला. दुपार कलते तोच गिरजेला कळा सुरू झाल्या. सातवा महिना नुकताच भरला होता. भागूआजी सुईण धावत आली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. केवढी? मक्याच्या कणसाएवढी. रडली तीही मांजरीच्या पिलासारखी, एकदाच. मग हातपाय निळे पडू लागले.

शास्त्रीबुवा आले, पाहिलं आणि मान हलवली. "दोन महिने आईच्या पोटातली ऊब हिला कमी पडली आहे. ती ऊब आता कुठल्या बाजारातून आणणार? उद्याची सकाळ पाहायची नाही ही."

महाराज राखेतून उठले. "बाजारात कशाला जायचं? हैबती, आव्याला लागून तुझी मडकी सुकवायची छपरी आहे ना? गिरजेची बाज तिथं टाक, आव्याला पाठ लावून. पोर तिच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून घोंगडी घाला. दूध बोळ्यानं पाजा. आणि ऐक, मी सांगेपर्यंत आवा उघडायचा नाही."

"महाराज, आवा तीन दिवसांत निवतो," हैबती म्हणाला.

"तुझा आवा तुला ठाऊक. या आव्याला पोर सांभाळायची आहे, हे त्याला कळतं."

पुढे काय झालं ते आमच्या गावात आजही मान ताठ करून सांगतात. तिसरा दिवस गेला, आवा निवला नाही. आठवा गेला, पंधरावा गेला. वर गोवरी टाकली नाही, काडी टाकली नाही, आणि आव्याला हात लावला तर कोंबडीच्या पंखाखाली लागते तशी सारखी, मऊ ऊब. कमी नाही, जास्त नाही. आळीतल्या मांजरी, कुत्री, म्हाताऱ्या सगळ्या भांडण विसरून आव्याला टेकून बसू लागल्या. आणि घोंगडीच्या आत गिरजेच्या छातीवर ते कणसाएवढं पोर श्वास घेत होतं.

शास्त्रीबुवांची झोप उडाली. कुणीतरी चोरून जळण घालतं, ही त्यांची खात्री. त्यांनी आळीतल्या गोवऱ्यांचे ढीग मोजून ठेवले. आव्याभोवती राख पसरून पावलांचे ठसे पाहिले. ठसे सापडले, ते गाढवाचे. गाढवाला विचारायची मात्र सोय नव्हती.

विसाव्या दिवशी भर दुपारी ते काठी घेऊन आले. चार माणसं सोबत. "आत भुयार आहे. आज ढोंग बाहेर काढतो," म्हणाले.

हैबती आडवा आला. "शास्त्रीबुवा, पाया पडतो. आव्याला भोक पडलं की आतली ऊब जाती. आमच्यातलं लहान पोरबी आव्याला असा हात लावत न्हाई."

"तुमच्यातलं लहान पोर शास्त्र शिकलेलं नाही," शास्त्रीबुवा म्हणाले आणि लेपात काठी खुपसली.

आत भुयार नव्हतं. जळणही नव्हतं. नुसती मडकी होती आणि पांढरी राख. मनगट जाईल एवढ्या भोकातून कढत वाफ सूं करत निघाली आणि घटकाभरात आवा ओढ्यातल्या दगडासारखा गार पडला. पौषाचं वारं छपरीत शिरलं. घोंगडीतून गिरजेचा आवाज आला, बारीक, "धनी, पोर गार लागतीया."

हैबती मातीचा गोळा घेऊन धावला, भोक लिंपलं. माती न धरता गळून पडली. पुन्हा लिंपलं, पुन्हा गळाली. शास्त्रीबुवा काठी धरून उभेच राहिले. त्यांनी आत हात घालून पाहिला होता. ढोंग सापडलं नव्हतं. घोंगडीखालून पोरीचा निळा पडत चाललेला पाय तेवढा दिसत होता, आणि तो आपल्या काठीनं निळा पडलाय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा महाराज उठले. अंगावरची एकुलती छाटी काढून त्यांनी गिरजेच्या घोंगडीवर टाकली, आणि उघडी पाठ त्या भोकाला लावून बसले.

"नारायणा," ते म्हणाले, "आता थोडी तुझी, थोडी माझी."

एवढंच. दहा श्वास झाले असतील. आधी महाराजांच्या कपाळावर घाम आला, मग लेपाला ऊब आली, मग घोंगडीतून मांजरीच्या पिलासारखं रडणं ऐकू आलं. गिरजा हसली आणि हैबती मात्र हमसून रडला.

महाराज त्या जागी चाळीस दिवस बसले. जेवले तिथं, भजन केलं तिथं, भक्तांची गाऱ्हाणी ऐकली तिथं. पाठ हलली नाही. शास्त्रीबुवा रोज सकाळी यायचे, लांब उभे राहायचे आणि जायचे. तिसऱ्या आठवड्यात ते येताना कापूस आणि गाईचं ताजं तूप आणू लागले आणि भागूआजीच्या हातात ठेवून पाठ फिरवू लागले. आजी तूप हुंगून म्हणायची, "औषध हाय का पश्चात्ताप?" 

फाल्गुनात, पोरीचे नऊ महिने जिथं पुरे झाले असते त्या दिवशी, महाराज उठले. पाठीवर तळव्याएवढा काळा डाग पडला होता. "हैबती, उघड आता," ते म्हणाले.

सगळं गाव जमलं. हैबतीनं लेप काढला. साठ दिवस आत राहिलेल्या मडक्यांत एकाला चीर नाही. अशी लाल, की उगवता सूर्य शेजारी ठेवला असता तर तोच कच्चा वाटला असता. हैबतीनं पहिल्याला टिचकी मारली. चार गावांतल्या लोकांनी आपापल्या देवळात कोण आलं म्हणून पाहिलं.

गिरजा पोरीला घेऊन छपरीतून बाहेर आली. गुटगुटीत पोर, गालांवर तेज. शास्त्रीबुवांपुढे थांबून ती म्हणाली, "कच्चं न्हवतं, शास्त्रीबुवा. घाईचं होतं." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं मान सरळ वर केली.

शास्त्रीबुवांनी पगडी काढली, आणि महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या पायाशी काय आहे? जिचा अपराध केलात तिच्यापुढे वाका."

गिरजा ओट्यावर बसली, पोर मांडीवर. शास्त्रीबुवांनी पोरीच्या तळपायांवर कपाळ टेकवलं. गावानं महाराजांच्या नावाचा गजर केला. गजर संपला, शास्त्रीबुवा वाकलेलेच. दुसरा गजर झाला, तरी वाकलेलेच. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. एवढी नम्रता त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग हैबतीच्या ध्यानात आलं. पोरीनं शास्त्रीबुवांची शेंडी मुठीत घट्ट धरली होती. भागूआजीनं एकेक बोट सोडवायला घेतलं. एक सुटलं की दुसरं आवळायचं.

"राहू द्या, आजी," शास्त्रीबुवा खालूनच म्हणाले.  "नाडी बघायची गरज उरली नाही. पोर पुऱ्या दिवसांचं आहे."