दौलू कुंभार आणि ठकूआक्काचं अंगण

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नक्की किती, ते विचारू नका. माझ्या पणज्यालाही ती ऐकूनच ठाऊक होती. आमच्या खैरखोलीच्या वरच्या आळीत पावसाळाभर पाणी साचायचं. मग दौलू कुंभाराने मातीचे नळ भाजले, एकात एक बसवून जमिनीखाली पुरले आणि सगळं पाणी उताराकडे काढून दिलं. वरची आळी कोरडी झाली आणि गावाने दौलूला डोक्यावर घेतलं.

पण नळाच्या तोंडाशी पाणी असं आदळायचं, की दोन पावसाळ्यांत तिथे घळ पडली. घळ वाढत वाढत खालच्या ठकूआक्काच्या अंगणाला लागली. ठकूआक्का आंधळी, घरात एकटी. गाव म्हणालं, म्हातारीला दुसरीकडे घर बांधून देऊ. ती एवढंच म्हणाली, "हितं मला समदं दिसतंय. दुसऱ्या घरात गेले, की आंधळी हुईन."

दौलूला ते फार लागलं. नळ त्याचेच ना. त्याने भलीमोठी शिळा ओढून आणली आणि धारेखाली टाकली. मोठा शहाणाच तो! पाण्याने शिळेखालची माती पोखरली आणि शिळाच घळीत गेली.

एके सकाळी ठकूआक्का जास्वंदीच्या रोपाला पाणी घालत होती. धार कुठे पडते ते कळावं म्हणून तिने मध्ये तळहात धरला होता. पाणी हातावर पडून बोटांमधून हळूच मातीत उतरत होतं. दौलू बघतच राहिला. घरी जाऊन त्याने बाजारासाठी भाजलेली सगळी मडकी फोडली. धारेखाली खापरांचा जाड थर घातला, त्यावर धोंडे पसरले आणि कडेने माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. ठकूआक्का त्यावरून अनवाणी चालायची. जिथे धोंडा हलायचा तिथे ती थांबायची, आणि दौलू तो पुन्हा बसवायचा.

असं म्हणतात, त्या वर्षी सात दिवस आभाळ फाटलं. सातही दिवस दौलू धारेखाली हात पसरून बसला होता, आणि पाणी त्याच्या हातांवरून रांगत्या लेकरासारखं पुढे गेलं. असं म्हणतात, पाऊस उघडला तेव्हा दौलू तिथे नव्हता. धोंडे मात्र दोन जास्त होते, आणि हात लावला तर ते कोमट लागत होते. अंगण वीतभरही खचलं नव्हतं. ठकूआक्का त्या दोन धोंड्यांपाशी बसून पोटच्या पोरासाठी रडावं तशी रडली.

आजही मृगाच्या आधी गाव तिथे जमतं. घरोघरची फुटकी मडकी येतात. मग गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस डोळे मिटून, अनवाणी धोंड्यांवरून चालतं. धोंडा हलला, की थांबतं आणि म्हणतं, "दौलूबा, ह्यो बसव."

आणि सगळं गाव खाली वाकतं.