महिपतीच्या पायावरची टोपी

"...मग आता त्या माफीचं काय करायचं, बाबा?"

लतीफबाबा दर्ग्याच्या ओट्यावर हार ओवत बसले होते. रंगराव कणसे टेकडी चढून आले होते, बोडक्या डोक्याने. धाप लागलेली, तरी बसायला तयार नव्हते.

"कसली माफी?"

"काळजावर गाठ दिसली फोटोत. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरसारखी दिसतीय, तुकडा काढून तपासू. मी पुढचं ऐकतोय कशाला... तडक महिपतीच्या दारात गेलो. टोपी काढली न् त्याच्या पायावर ठेवली."

महिपती धाकटा भाऊ. आईच्या तेराव्याला दोघांचं वाजलं आणि बोलणं तुटलं. चूक रंगरावांची होती. गावाला ठाऊक होतं, रंगरावांनाही होतं. पण माजी सरपंच धाकट्यापुढे वाकतील कसे?

"मग?"

"मग तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. कॅन्सर न्हाई. तशीच ऱ्हाऊ द्या, म्हणाले, काय करत न्हाई ती."

"बरं झालं की."

"काय बरं! मेलो असतो तर शोभलं असतं, बाबा. आता रोज त्याचं तोंड बघायचं. रविवारी जेवायला बोलावलंय. म्हणतो, टोपी हितंच ऱ्हाऊ दे दादा, आला की मीच घालतो डोक्यावर. आता गेलो, तर मी नाटक केलं म्हणंल. न गेलो, तर..."

वाचल्याचा आनंद मानावा की वाकल्याची लाज वाटून घ्यावी, हेच कळत नव्हतं. रडू येत होतं, आणि त्याचा रागही येत होता.

बाबांनी हात पुढे केला. रंगरावांनी पिशवीतून फोटोची काळी फिल्म काढून दिली. बाबांनी ती उन्हात धरली. उलटी केली, सुलटी केली.

"ही गाठ वाईट होती तवाची, का साधी झाल्यावरची?"

"एकच फोटो हाय, बाबा. गाठ तीच."



बाबा उठले. फिल्म त्यांनी रंगरावांच्या टकलावर ठेवली.

"ऊन लई हाय. टोपी आणस्तोवर ही धर."

रंगराव फिल्म डोक्यावर धरून पायऱ्यांपर्यंत गेले. तिथे थबकले, वळले.

"पण बाबा... मरतोय म्हणून वाकलो होतो मी. आता तर मी मरणार न्हाई!"

बाबांनी सुईत पुढचं फूल घातलं.

"हे कुठल्या फोटोत आलंय?"